दोरीचं दुसरं टोक

मंडळी, पूर्वरंग संपला! हार झाले, बुक्का लागला, विष्णुपंतांनी पेटीवर घोटभर पाणी सांडून पुसूनही घेतलं, आणि त्या खांबाला टेकलेल्या काकांची एक डुलकी सुखरूप पार पडली. आता सावरून बसा! आता आख्यान!

प्रश्न एकच आहे. लहान आहे. आपल्या पायापायांत चालणाऱ्या जिवाला भीती वाटू नये, म्हणून दोरी बांधायची — तर बांधायची कुणाला?

"सोपं आहे बुवा! जो अंगावर येतो त्याला!"

वा! पहिल्या ओळीतून उत्तर आलं! शाबास! पण मंडळी, अंगावर कोण येतं हे ठरवायचं कुणी? तुम्हाला विचारलं तर तुम्ही शेजाऱ्याकडे बोट दाखवणार. शेजाऱ्याला विचारलं तर तो तुमच्याकडे. मग? मग ऐका आता!

एक गाव. तालुक्याचं. गावाबाहेर एक कॉलनी, तिचं नाव शांतिवन. नावावर जाऊ नका! त्या कॉलनीत सहा नंबरच्या बंगल्यात राहायचे भाऊसाहेब बिडकर. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. चौतीस वर्षं नोकरी, आणि चौतीस वर्षांत एक कागद नियमाबाहेर गेला नाही. ठराव म्हणजे भाऊसाहेबांचा प्राण! घरात देवाच्या तसबिरी तीन, आणि जुन्या परिपत्रकांच्या फायली अकरा!

आणि आवाज? अहो, काय तो आवाज! धरणाचे दरवाजे उघडायचे तर भोंगा वाजवतात ना, तसा! ऑफिसात भाऊसाहेब "शिपाई!" म्हणाले, की शेजारच्या कृषी खात्यातला शिपाई उठून उभा राहायचा! पेपरवाला पेपर फाटकातच टाकून पळायचा. दूधवाली तर पातेलं कठड्यावर ठेवायची, "वहिनी, दूध!" म्हणायची, आणि गल्लीच्या टोकाला गेल्यावर मागं बघायची. मग आतून प्रमिलाकाकू येणार, भाऊसाहेबांच्या सौभाग्यवती, आणि हसून म्हणणार —

"अगं, घाबरतेस काय? काही करत नाहीत हो ते. नुसते बोलतात."

हे वाक्य जरा बाजूला काढून ठेवा, मंडळी. नंतर लागणार आहे.

तर या भाऊसाहेबांच्या घरी होती लाही. लाही म्हणजे कुत्री! पांढरी, फुगलेली, ओंजळीत मावेल एवढी. मुलीनं पाळली, मुलीला बंगळूरला नोकरी लागली, जाताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाबा, लाहीला जपा." भाऊसाहेब म्हणाले, "घरात कुत्रं? छे छे! नियमात बसत नाही!" — आणि दुसऱ्या आठवड्यात काकू बघतात तो काय, हे जमिनीवर मांडी घालून दुधात पोळी कुस्करतायत! स्वतःच्या हातानं! आणि वर म्हणतायत, "कडा काढून टाकल्यात गं, तुला टोचतात ना." मंडळी, बायकोच्या ताटातली पोळी कधी बघितली नाही त्या माणसानं! पण लाहीवर जीव जडला. खरा जीव जडला. त्यात काही खोटं नाही.

सकाळी सहाला फेरी. भाऊसाहेबांच्या हातात लाल पट्टा, पट्ट्याला लाही. कॉलनीच्या देवळापर्यंत जायचं, नमस्कार, परत. चार वर्षं अगदी सुखाचा काळ.

आणि मग अकरा नंबरात राहायला आले धैर्यशील निकम! वीटभट्टीवाले! सोबत त्यांचा सम्राट!

सम्राट कोण? सांगतो. सम्राटच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला होता. गॉगल घातलेला फोटो, खाली 'कॉलनीची शान, आमचा अभिमान', आणि शुभेच्छुक म्हणून एकवीस जणांचे फोटो! त्यातल्या चौघांना तर तो चावलेला! असा तो सम्राट. वासराएवढा. गळ्यात पट्टा? नाही! दोरी? नाव काढू नका! निकमांचं म्हणणं काय, "मोकळा वाढलाय हो तो. बांधलं की मन मारतं त्याचं."

पहिला दिवस. भाऊसाहेब आणि लाही अकरा नंबरापुढे आले. फाटक उघडं. आतून — धडधड धडधड धडधड! सम्राट! विष्णुपंत, जरा वाजवा हो तो वेग! ... अहो, हा तर मालगाडीचा झाला, असो. सम्राट आला तो थेट लाहीवर! लाही कोलमडली, दोन कोलांट्या, थेट गटारात! आणि पायरीवर चहाचा कप घेतलेले निकम काय म्हणतायत?

"काही करत नाही हो तो! खेळतोय!"

खेळतोय! मंडळी, या देशात मोकळ्या कुत्र्याच्या मालकाला दुसरं वाक्यच येत नाही! कुत्र्याचे दात तुमच्या धोतराच्या सोग्यात असले तरी हेच! इथं आम्ही दोन ओळी जुळवल्यात, पोथीत शोधू नका, घरच्याच आहेत —

आपुले ते पोर, खेळे अंगणात ।
दुजाचे ते घात, करू आले ॥

पुन्हा म्हणा! ... बास, बास. काका जागे झाले.

मग भाऊसाहेब काय गप्प बसणार? दुसऱ्या दिवशी काठी घेतली. सम्राटला वाटलं, आपल्यासाठीच आणली! काठीचं दुसरं टोक धरलं दातात, आणि देवळापर्यंत भाऊसाहेबांना ओढत नेलं! लोकांना वाटलं, बिडकरांनी मोठं कुत्रं घेतलं! तिसऱ्या दिवशी छत्री. कुणीतरी सांगितलं होतं, अंगावर आलं की फट्‌कन छत्री उघडायची, कुत्रं बिचकतं. उघडली! छत्री उलटी झाली, सम्राट शेपूट हलवत बघत बसला, आणि बिचकली कोण? लाही! चौथ्या दिवशी खिशात बिस्किटं. लांब फेकायची, तो तिकडे पळाला की आपण सटकायचं. युक्ती उत्तम! फक्त पाचव्या दिवशी साडेपाचलाच सम्राट भाऊसाहेबांच्या फाटकात हजर. सोबत कॉलनीबाहेरची आणखी तीन!

आणि या सगळ्यात भाऊसाहेबांचा भोंगा चालूच! "हाऽऽड! निकमऽऽ! आवरा तुमचं जनावर! अहो निकमऽऽ!" पट्टा आखडून आखडून लाहीचे पुढचे पाय हवेत! घरी आल्यावर तेच, चपला भिरकावून, "प्रमिलाऽऽ! पाहिलंस? आज पुन्हा! प्रमिलाऽऽ!"

सहाव्या दिवशी भाऊसाहेबांनी लाल पट्टा हातात घेतला. "लाही, चल."

लाही आली नाही.

लाही पलंगाखाली. भिंतीला चिकटून. पोळी दाखवली, नाही. खेळणं दाखवलं, नाही. सातवा दिवस, नाही. आणि मंडळी, कुत्र्याची जात घरात घाण करत नाही हो! लाही तुंबून बसली. पोट फुगलं. जनावरांच्या डॉक्टरांनी घरी येऊन कशीबशी मोकळी केली, आणि जाताना सांगितलं, "भाऊसाहेब, हिला बाहेर चालवा. भीती जाऊ दे. असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील, आठवडाभर काढेल फार तर."

भाऊसाहेब पलंगाच्या कडेला बसले. बंगळूरचा फोन वाजत होता. उचलला नाही. काय सांगणार लेकीला?

मग उठले. म्हणाले, "सभा बोलवा!"

कॉलनीची सभा, देवळाच्या मंडपात. चेअरमन कुंभोजकर सर. भाऊसाहेब गरजले, "सम्राटला बांधा, असा ठराव करा!"

सगळे वर बघायला लागले. वर काय होतं? मंडपाच्या नव्या भिंती! विटा कुणाच्या? निकमांच्या! दान दिलेल्या! आणि निकम स्वतः पुढच्या खुर्चीत!

कुंभोजकर सर हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, नाव नको घ्यायला. बरं दिसत नाही. जरा मोघम करा."

बघा, मंडळी! ही आपली रीत! गल्लीतल्या माणसानं दारात कचरा टाकला, तर आपण काय पाटी लावतो? 'काही व्यक्ती असे करताना आढळून आल्या आहेत'! काही व्यक्ती! एकच आहे, समोरच राहते, सगळ्यांना माहीत आहे! पण नाव नको!

आणि मोघम लिहिण्यात भाऊसाहेबांचा हात कोण धरणार? हातखंडाच तो! म्हणाले, "निकम तर नाहीच, सम्राट तर नाहीच, कुत्रा हा शब्दसुद्धा घालत नाही! ज्याचं त्याला बरोबर कळेल!" आणि तिथल्या तिथं ठराव लिहिला. ऐका —

'कॉलनीच्या हद्दीत जो कोणी मोठ्याने आवाज करून, अंगावर धावून जाऊन अगर दात दाखवून इतरांस भय उत्पन्न करील, त्यास दोरी लावल्याखेरीज, व दोरीचे दुसरे टोक घरच्या जबाबदार व्यक्तीच्या हाती असल्याखेरीज, रस्त्यावर आणू नये. तक्रारी लेखी द्याव्यात.'

टाळ्या! एकमतानं मंजूर! निकमांनीसुद्धा हात वर केला! त्यांना वाटलं, बिस्किटांवर आलेल्या त्या तीन कुत्र्यांबद्दल आहे!

देवळात तक्रारवही ठेवली. भाऊसाहेब खूश. तीन दिवस वाट बघितली. पलंगाखाली वाटी सरकवायची, "दोन दिवस थांब गं बाळा, कागद हालतोय" म्हणायचं. लाही वाटीला तोंड लावत नव्हती, डॉक्टरच रोज येऊन तिला मोकळी करून जात होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वही उघडली. सात तक्रारी! भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. आता बघतो निकम!

पहिली तक्रार, दूधवालीची. 'सहा नंबरचे भाऊसाहेब पाणी जास्त म्हणून फाटकापर्यंत धावून आले. पातेले सांडले.'

अं?

दुसरी, पेपरवाल्याची. 'सहा नंबर. फार मोठ्याने.' तिसरी, भाजीवालीची. 'गवार जून आहे म्हणून ओरडताना साहेबांची कवळी बाहेर आली व त्यांनी ती हातात धरून दाखवली.' अहो, म्हणजे दात दाखवून! ठरावात बसतंय! चौथी, पाचवी, सहावी — सगळ्या सहा नंबर! सम्राटवर? एकही नाही! निकमांच्या विटांखाली बसून कोण लिहिणार? आणि भाऊसाहेबांना तोंडावर सांगायची हिंमत कुणात नव्हती, पण त्यांनीच तर वही दिली होती आणून, तोंडासमोर न येता लिहायची सोय करून!

भाऊसाहेब लालबुंद. "हा कट आहे!" पान उलटलं. सातवी. अक्षर ओळखीचं. किराणाच्या यादीत रोज दिसणारं.

मंडळी, जरा शांतता. ही तक्रार मी जशीच्या तशी वाचतो.

'अर्जदार : सौ. प्रमिला बिडकर, घर नंबर सहा. विषय : ठरावानुसार कार्यवाही होणेबाबत. महोदय, लाहीस सम्राटने पाडले हे खरे आहे. परंतु त्या दिवशी ती चालत घरी आली, पाणी प्याली व दारात बसली. पलंगाखाली ती गेली ती पाचव्या दिवशी, अर्जदाराचे पती घरात येऊन ओरडले तेव्हा. त्यानंतर त्यांच्या चपलांचा आवाज आला की ती आत सरकते. अर्जदारही अडतीस वर्षांपूर्वीच पलंगाखाली गेली असती. परंतु तेव्हा घरात पलंग नव्हता, व आता गुडघे वाकत नाहीत. कळावे.'

हसलात? हसा. मीही हसलो होतो पहिल्यांदा वाचताना. मग बायकोकडे बघितलं, आणि हसू जिरलं.

भाऊसाहेबांनी वही मिटली. मग उठून घरी आले. फाटकाशी थांबले, चपला काढल्या, हातात घेतल्या, अनवाणी आत आले. काकू स्वयंपाकघरात. हे दारात उभे.

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

काकूंनी पोळी उलटली. "सांगितलं असतं तर ओरडला असतात."



आता तुम्ही म्हणाल, भाऊसाहेबांनी माफी मागितली असेल. कुठली! हेडक्लार्क माणूस! पडवीत गेले, कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी सोडली, एक टोक आपल्या मनगटाला बांधलं, दुसरं टोक काकूंपुढे धरलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "ठराव म्हणजे ठराव. जबाबदार व्यक्ती तूच."

काकूंनी दोरीकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, हात पदराला पुसले, आणि दोरी घेतली!

सकाळ झाली. सहा वाजले. भाऊसाहेब अनवाणी, अंगणात. काकू पलंगापाशी कशाबशा खाली बसल्या, गुडघे कुरकुरले, "चल गं लाही, आज ते ओरडणार नाहीत. बांधलंय त्यांना." आणि मंडळी, पलंगाखालून आधी नाक आलं. मग एक पाय. मग लाही! उजव्या हातात नवरा, डाव्या हातात लाही, काय ती मिरवणूक! दूधवालीच्या हातातलं माप तिथंच राहिलं. कुंभोजकर सर दात घासत बाहेर आले होते, ते तसेच, तोंडात फेस!

अकरा नंबर आला. फाटक उघडं. आतून — धडधड धडधड!

भाऊसाहेबांची छाती भरली! भोंगा घशापर्यंत आला! "हाऽ—"

खस्सकन दोरी ओढली! "गप्प!"

गप्प! अडतीस वर्षांत पहिल्यांदा!

आणि काकूंनी केलं काय? काठी नाही, छत्री नाही. लाहीला मागे घेतलं, पट्टा सैल सोडला, स्वतः मधे उभ्या राहिल्या, आडव्या. सम्राटच्या डोळ्यात बघितलंच नाही. हात पुढे, तळवा सरळ, आणि उतू जाणाऱ्या दुधाला सांगावं त्या आवाजात म्हणाल्या, "थांब. घरी जा."

सम्राट थांबला! त्याला कळेना. इतके दिवस इथं रोज ओरडा, काठी, छत्री, बिस्किटं, केवढी करमणूक! आज काहीच नाही! त्यानं कान खाजवला. जांभई दिली. खाली बसला. भाऊसाहेबांनी मागे वळून बघितलं. लाही उभी होती, चारी पायांवर. थरथरत होती, पण उभी होती. आणि मग, विजेच्या खांबापाशी गेली, आणि बसली! मोकळी झाली! मंडळी, त्या साध्या गोष्टीवर भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर जीव टांगणीला होता, तो खाली आला.

तेवढ्यात पायरीवर निकम! हातात कप! "अहो वहिनी, घाबरू नका! काही करत नाही हो तो!"

प्रमिलाकाकू वळल्या. उजवा हात वर केला. निळी दोरी, दोरीला भाऊसाहेब.

"आमचेही काही करत नाहीत हो," म्हणाल्या. "अडतीस वर्षं मीही हेच सांगत आले. तरी बांधून आणलेत."

निकमांचा कप तिथंच हवेत राहिला. भाऊसाहेबांनी खाली बघितलं. आणि आतून निकमांच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, ती दोरी वहिनींनी कुठून आणली, जरा विचारता का?"

दुसऱ्या दिवशी सम्राटच्या गळ्यात पट्टा! निकम त्याच्यामागे ओढले जात, एका चपलेवर, घामाघूम! "मन मारतं" म्हणत होते ना? सम्राट खुशीत, मन मेलं होतं ते निकमांचं! समोरून लाही आली. दोन दोऱ्या, दोन बाजू, मधे रस्ता. काहीही झालं नाही. हेच तर हवं होतं, काहीही न होणं!

भाऊसाहेबांची दोरी महिन्यानं सुटली. काकूंनीच सोडली. पण ते म्हणाले, "खुंटीला राहू दे. दिसत राहिली की बरं." बंगळूरच्या लेकीचा फोन आला, तर विचारते कशी, "बाबा, तुम्हाला बरं नाही का? आवाज इतका हळू कसा?"

तर मंडळी! मोकळं कुत्रं बांधायला सांगा, जरूर सांगा, नाव घेऊन सांगा, विटा त्याच्या असल्या तरी सांगा! ज्यानं बांधलं नाही त्याची चूक ती चूकच. पण आता माझा प्रश्न शेजाऱ्याबद्दल नाही. आता कुणी शेजाऱ्याकडे बोट दाखवू नका. अहो काका, ते बोट खाली घ्या!

इथून उठाल, घरी जाल. फाटक वाजेल, चपलांचा आवाज होईल. त्या क्षणाला आत काय होतं, ते कधी ऐकलंय? हसणं चालू असतं ते थांबतं का? कुणी टीव्ही बंद करतं का? कुणी उठून आतल्या खोलीत जातं का? तुमच्या घरात कुणीतरी आहे, जे चार जणांत तुमच्यासाठी हसून सांगतं, "काही करत नाहीत हो ते." ते वाक्य आज आठवा. कोण म्हणतं ते आठवा. आणि तिच्या गुडघ्यांकडे बघा, वाकतात का अजून.

विष्णुपंत, पेटी हळू करा. आरतीला उठताना कुणी मोठ्यानं बोलू नका आज. आणि चपला शोधताना ढकलाढकली नको. त्या हातात घेऊनच घरी जा.